क्रोनेब्रीनच्या शेजारची हवा: नोंदींची पार्श्वभूमी

आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, काँग्सफियॉर्ड या फियॉर्डमध्ये, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीत, क्रोनेब्रीन ही हिमनदी थेट समुद्रात उतरते. तिच्या परिसरातल्या हवामानाच्या नोंदी आज ज्या न्यू-ओलेसुंदमधून होतात, ते गाव मुळात वसले कोळशासाठी.

स्वालबार्डवर तापमान मोजण्याची सुरुवात अशीच, दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या आधाराने झाली. १८९८पासूनची जी सलग तापमानमालिका आज वापरतात, तिचा सुरुवातीचा भाग शिकारी आणि मोहिमांनी हिवाळ्यात तिथे राहून केलेल्या नोंदींवरून जुळवला आहे. १९११मध्ये स्वालबार्डच्याच ग्रीन हार्बरला नॉर्वेचे रेडिओ केंद्र आले आणि नोंदी नियमित झाल्या. दुसऱ्या महायुद्धात तर हवामानासाठीच माणसे पाठवली गेली. स्वालबार्डच्या नोर्डाउस्टलँड बेटावर लपून बसलेली जर्मनांची हवामान तुकडी शरण आली ती सप्टेंबर १९४५मध्ये, जर्मनीने शरणागती पत्करून जवळजवळ चार महिने उलटल्यावर!

न्यू-ओलेसुंदची खाण १९६२मध्ये स्फोटात २१ कामगार गेल्यावर बंद पडली. त्या प्रकरणाने पुढच्या वर्षी नॉर्वेचे सरकारही पडले. १९६८मध्ये नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने तिथे संशोधन केंद्र उघडले. खाण चालू राहिली असती, तर हे गाव विज्ञानाच्या हाती इतक्या सहज आले असते असे वाटत नाही.

गावातला तापमापक हिमनदीची हवा सांगतोच असे नाही. बर्फावरून गार, जड हवा खाली घसरत फियॉर्डमध्ये उतरते. उन्हाळ्यात वितळलेले पाणी भेगांतून बर्फाच्या तळाशी जाते, हिमकड्याच्या पायथ्याशी समुद्रात शिरते आणि वर उसळताना आसपासचे कोमट समुद्रपाणी कड्याकडे ओढते. कडा खालून पोखरला जातो आणि कोसळतो. म्हणून मोजमाप जवळून हवे. पण कड्याशी यंत्र रोवणे म्हणजे ते गमावण्याचीच तयारी. मग वरच्या, कमी भेगांच्या बर्फावर किंवा बाजूच्या खडकावर भागवावे लागते. शेजारच्या काँग्सवेगेन हिमनदीवर बर्फाचा जमाखर्च, म्हणजे किती साठला आणि किती गेला याचा हिशेब, १९८७पासून मांडला जातो.

भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ची, आणि ‘हिमाद्री’ केंद्र न्यू-ओलेसुंदमध्ये सुरू झाले ते १ जुलै २००८ रोजी. त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. २०१४मध्ये याच फियॉर्डमध्ये ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा उतरवली गेली. हिवाळी मोहीम मात्र डिसेंबर २०२३पर्यंत थांबली. तापमानवाढ तिथे हिवाळ्यात सर्वाधिक आहे, हे पाहता तो उशीर खटकतो.