दोन चुडांमधली जागा कोणाची?

जुलैत पाऊस लागला की इगतपुरी-घोटीकडे भाताच्या आवणीची, म्हणजे रोपं लावण्याची, धांदल सुरू होते. गेल्या वर्षी घोटीजवळच्या एका खाचरात आत्याच्या मागोमाग मीही चिखलात उतरलो. तिने दोरी ताणली होती. दोरीला चिंध्यांच्या गाठी: 15 सेंटिमीटरवर एक, मग 25 वर, पुन्हा 15 वर. गाठ आली की तिथे दोन-तीन रोपं, अंगठ्याने हलकेच दाबलेली. रोपांचा हा झुबका म्हणजे चूड. पूर्वी हात जाईल तिथे चूड लागायचा.

ही चारसूत्री, म्हणजे चार नियमांच्या, भात लागवडीतली नियंत्रित लावणी. चार चुडांचा 15 सेंटिमीटरचा चौकोन, दोन चौकोनांमध्ये 25 सेंटिमीटरची वाट. हिशेब मांडला तर चौरस मीटरला 25 चूड बसतात. आवणीच्याच दिवशी चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपी खतांची 2.7 ग्रॅमची गोळी खोल दाबतात. आमच्याकडच्या धो-धो पावसात वर फेकलेला युरिया ओहोळाला लागतो. ही गोळी मात्र चारही चुडांच्या मुळांशी राहते.

दाट लावलं तर जास्त पिकेल, असं वाटणं साहजिक आहे. पण भाताचं पीक रोपांवर नाही, रोपाच्या बुंध्यातून फुटून लोंब्या धरणाऱ्या फुटव्यांवर मोजायचं. दाटीत खालच्या पानांना ऊन मिळत नाही, उशिराचे फुटवे मरतात, काडी बारीक राहून वाऱ्याला लोळते. तुडतुड्यांनाही ती कोंदट सावली मानवते. फार विरळ लावलं तर फुटवे खूप येतात, पण मागून आलेल्यांचे दाणे पोचट राहतात. शिवाय उघड्या चिखलावर ऊन पडतं, आणि तिथे तण येतं.

त्यातलं पाखड सर्वांत लबाड. कोवळं असताना ते हुबेहूब भातासारखं दिसतं. आत्याने दोन रोपं उपटून माझ्या तळहातावर ठेवली. पान जिथे खोडाला मिठी मारतं, तिथे भाताला पांढरी पातळ जिभली असते. पाखडाला नाही. तेवढ्यावरून तिची बोटं न थांबता निवड करत होती.

पाखडाची ताकद पानाच्या आत आहे. कडक उन्हात भाताच्या पानातलं विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं आणि कमाई वाया घालवतं. पाखड कार्बन डायऑक्साइड आधी साठवून मगच त्या विकराला देतं, म्हणून ते भराभर वाढतं. त्याला रोखायचं ते सुरुवातीलाच. चिखलणी आणि उभं पाणी बियांचा प्राणवायू तोडतात, त्यामुळे बरंचसं तण रुजतच नाही. उरलेलं पहिल्या 30 ते 45 दिवसांत काढलं पाहिजे. नंतर काढलेल्या तणाने नत्र खाऊन झालेलं असतं. इथेच दोरी कामी येते. पंचवीसच्या वाटेत पाय ठेवून निंदणी होते, फुटवे तुडवले जात नाहीत.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा गेलो. शेजारच्या चुडांची पानं एकमेकांत गुंतली होती. आत्याने ती हाताने बाजूला सारून मला खाली बघायला लावलं. पाण्यावर गडद सावली होती, आणि त्या सावलीत पाखडाची एकच पिवळी, लुकडी काडी.