जाउन्स : गचक्यांच्या एका इंग्रजी क्रियापदाची पार्श्वभूमी

इंग्रजीत धक्का, हिसका किंवा हादरा दाखवणारी क्रियापदे भरपूर असली, तरी 'जाउन्स' हे त्यांतले क्वचितच भेटणारे क्रियापद आहे. 'जोल्ट' म्हणजे बहुधा एकच, अचानक बसलेला धक्का. 'जाउन्स'मध्ये मात्र खालून वर उसळून पुन्हा खाली आदळणे असते आणि ते बहुतेक वेळा पुन्हापुन्हा होत राहते. खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीच्या अगदी मागच्या बाकावर बसलेल्याला ही क्रिया वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ते बाक मागच्या चाकांच्याही मागे असल्याने चाक थोडेसे उचलले गेले, तरी तिथला माणूस बराच वर फेकला जातो. हे क्रियापद सकर्मकही आहे, अकर्मकही : गाडी स्वतः 'जाउन्स' होत जाते आणि मांडीवरच्या बाळाला वर-खाली खेळवणारी आईही त्याला 'जाउन्स' करते.

हा शब्द पंधराव्या शतकापासून लेखी इंग्रजीत आढळतो; त्याचे मूळ मात्र निश्चित झालेले नाही. 'जंप' आणि 'बाउन्स' यांच्या मिश्रणातून तो बनला असावा, असा तर्क अनेक कोशांत दिलेला असतो. हा तर्क ऐकायला सोपा असला तरी मला तो पटत नाही, कारण 'जंप' लेखनात दिसू लागतो तोच सोळाव्या शतकात, आणि 'बाउन्स' जुना असला तरी त्याचा मूळ अर्थ ठोसणे, दणका घालणे असा होता. उसळण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ज्या दोन शब्दांपासून तो जन्मला म्हणायचे, त्यांचे ते रूप आणि अर्थ त्याच्यानंतर नोंदले गेले आहेत. त्यापेक्षा 'जोल्ट', 'जॉगल', 'जार', 'जर्क' या 'ज'ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या नादाचा त्याला आधार मिळाला असावा, हे मला अधिक संभवनीय वाटते. मराठीत गचका, हिसका, झटका, दणका हे शब्द असेच एकमेकांच्या नादाला धरून उभे आहेत.

बोलण्यात मागे पडलेला हा शब्द मोटारींच्या तंत्रात मात्र टिकला. चाक उंचवट्यावर चढून स्प्रिंग दाबली जाते, त्या हालचालीला अमेरिकी अभियंते 'जाउन्स' म्हणतात आणि स्प्रिंग परत उलगडते तिला 'रिबाउंड'. ब्रिटनमध्ये पहिल्या हालचालीसाठी 'बंप' हा शब्द चालतो. स्प्रिंग पूर्ण दाबली जाताना लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून बसवलेला मऊ ठोकळा म्हणजे 'जाउन्स बंपर'. चाकांचे अलाइनमेंट मोजण्याआधी गाडीची पुढची आणि मागची बाजू हाताने दाबून सोडतात, म्हणजे अडकलेला भाग सैल होऊन गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर बसते. अमेरिकी दुरुस्ती-पुस्तिकांत या कृतीलाही हेच क्रियापद वापरलेले असते. भौतिकशास्त्रात स्थान, वेग, त्वरण आणि 'जर्क' (त्वरण बदलण्याचा दर) यांच्या पुढची पायरी, म्हणजे 'जर्क' ज्या दराने बदलतो तो दर किंवा स्थानाचे काळानुसार चौथे अवकलज, हिलाही 'जाउन्स' किंवा 'स्नॅप' म्हणतात.

अनेक अमेरिकी विद्यार्थ्यांना हा शब्द भेटतो तो जॉन नोल्स यांच्या १९५९ सालच्या 'अ सेपरेट पीस' या कादंबरीत. नदीवर झुकलेल्या झाडाच्या फांदीवर दोन मित्र उभे असतात. निवेदकाचे गुडघे वाकतात, तो फांदी 'जाउन्स' करतो आणि मित्र खाली कोसळतो. हे जाणूनबुजून घडले की नाही, यावर कादंबरी उभी आहे. म्हणूनच हे वाक्य मराठीत आणणे फार अवघड आहे. 'फांदीला हिसका दिला' म्हटले की हेतू ठरूनच जातो, शिवाय हिसका बहुधा हाताने, ओढून देतात. 'हिंदकळवली' म्हणावे तर भरलेली घागर डोळ्यांपुढे येते. 'गचका' हे नाम अर्थाला सर्वांत जवळचे आहे, पण 'गचकणे' या क्रियापदाने बोलीत मरण्याचा अर्थ घेतला असल्याने ते इथे वापरता येत नाही. मी 'गुडघे वाकले आणि माझ्या पायांखाली फांदी गचका खाऊन उसळली' असे लिहीन. मात्र मूळ वाक्यात ती क्रिया करणारा 'मी' आहे, आणि माझ्या वाक्यात तो कर्तेपणा फांदीकडे जातो.