खाडीच्या पाण्याचा रिपोर्ट आरटीआयने कसा मागवायचा: कोण अर्ज करू शकतं, काय जोडायचं आणि मुख्य म्हणजे काय विचारायचं

ठाणे खाडी घ्या, माहीमची घ्या नाहीतर मालाडची, पाणी खराब आहे हे कळायला रिपोर्ट लागत नाही, पुलावरून जाताना नाकाला कळतं. पण वॉर्ड ऑफिसात, कोर्टात किंवा मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाकाचा पुरावा चालत नाही, तिथे आकडे लागतात. आणि ते आकडे बऱ्यापैकी सरकारकडे पडलेले असतात, कारण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या जागांवरून नियमित सॅम्पल घेतं. काही आकडे मंडळाच्या वेबसाइटवर मिळतात, ते आधी बघून घ्या. बाकीच्यासाठी माहिती अधिकार कायदा २००५.

अर्ज कोण करू शकतं? भारताचा कुठलाही नागरिक. खाडीकाठी राहता का, मासेमारी करता का, हे विचारायचा कोणाला अधिकार नाही, आणि माहिती कशाला हवी याचं कारणही द्यावं लागत नाही (कलम ६(२)). एकच लक्षात ठेवा, संस्थेच्या किंवा सोसायटीच्या नावाने अर्ज टाकू नका, कायदा 'नागरिक' म्हणतो, त्यामुळे अध्यक्षांनी नाहीतर सेक्रेटरीने स्वतःच्या नावाने टाकावा. पत्ता सोसायटीचा दिला तर चालतो. अर्ज मराठीत बिनधास्त लिहा.

कागदपत्रं फार नाहीत. जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात अर्ज आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झालं. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी माफ, पण दाखल्याची झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दोन कॉपी करा, एक देऊन दुसरीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि नंबर घ्या. एका ऑफिसात मला 'शिक्का साहेब आल्यावर' असं सांगून दुपारभर बाकड्यावर बसवलं होतं, तरी शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, उत्तराची मुदत त्याच तारखेपासून मोजायची असते. हे नको असेल तर राज्य सरकारचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल आहे, ड्रॉपडाउनमध्ये तुमचं ऑफिस दिसलं तर तिथूनच फी भरून टाका, नाही दिसलं तर स्पीड पोस्ट.

अर्ज कुठे करायचा यात लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. खाडीच्या पाण्याची तपासणी म्हणजे प्रदूषण मंडळ, मुख्यालय सायनला कल्पतरू पॉइंटमध्ये. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून काय दर्जाचं पाणी बाहेर पडतं ते हवं असेल तर महापालिका, घाटकोपर आणि भांडुपच्या केंद्रांचं पाणी ठाणे खाडीतच जातं. कांदळवन आणि फ्लेमिंगो अभयारण्याची माहिती वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे. एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था केंद्र सरकारची, तिला कोर्ट फी स्टॅम्प लावून उपयोग नाही, तिथे पोस्टल ऑर्डर किंवा केंद्राचं वेगळं पोर्टल. चुकीच्या ऑफिसात गेला तरी घाबरू नका, पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची, कलम ६(३).

आता खरी गोष्ट. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो, आणि लोक यातले शंभर शब्द 'खाडी का मेली, जबाबदार कोण' यात घालवतात. 'का' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही'. जे कागदावर आहे तेच मागा. असं काहीतरी:

'विषय: ठाणे खाडी पाणी तपासणी. कालावधी: जानेवारी २०२३ ते डिसेंबर २०२५. १) सर्व नमुना केंद्रांची नावे व अक्षांश-रेखांश. २) प्रत्येक नमुन्याची तारीख, वेळ, भरती-ओहोटीची नोंद व खोली. ३) विद्राव्य ऑक्सिजन, बीओडी, क्षारता, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, फीकल कोलिफॉर्म यांचे प्रयोगशाळा अहवाल. ४) गाळातील जड धातू व तळातील जीवांची तपासणी झाली असल्यास अहवालांच्या प्रती. ५) माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी.'

(बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, तो जितका जास्त तितकी घाण जास्त, आणि फीकल कोलिफॉर्म म्हणजे विष्ठेतून येणारे जीवाणू.) यातला दुसरा मुद्दा कापू नका. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं आणि सांडपाणी पातळ होतं, त्यामुळे त्याच जागेचं त्याच दिवशीचं सॅम्पल ओहोटीला घेतलं तर आकडा वेगळाच येतो. उधाणात (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) वेगळा, भांगाला (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) वेगळा, हे कोळीवाड्यातल्या कुठल्याही तांडेलाला माहीत असतं पण रिपोर्टात बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. दिवसाची वेळही बघा, उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं म्हणून दुपारचं पाणी बरं दिसतं, पहाटे त्याच पाण्यातला ऑक्सिजन मासे गुदमरतील इतका खाली गेलेला असू शकतो. नुसती वर्षाची सरासरी दिली तर यातलं काहीच कळत नाही.

आकडा कशाशी ताडून बघायचा? किनाऱ्याच्या पाण्याचे एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ असे वर्ग आहेत. अंघोळ, पाण्यातले खेळ आणि व्यावसायिक मासेमारीसाठी एसडब्ल्यू-२, त्यात विद्राव्य ऑक्सिजन लिटरला निदान ४ मिलिग्रॅम, बीओडी ३ पेक्षा जास्त नको, फीकल कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे १००. बंदराच्या पाण्याचा एसडब्ल्यू-४, तिथे ऑक्सिजन ३ आणि बीओडी ५ पर्यंत चालतं. म्हणून तुमची खाडी कुठल्या वर्गात धरलीय हेही विचारा, पट्टीच खाली धरली की कोणीही पास होतो.

चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाणी दर भरतीला बदलतं, गाळ जागेवर राहतो, म्हणून खाडीची तब्येत गाळात आणि त्यातल्या जीवांत दिसते. अभ्यासक चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुऊन वर काय उरतं ते मोजतात. बऱ्या खाडीत किडे, शिंपले, छोटे खेकडे अशा बऱ्याच जाती निघतात, सांडपाण्याने भरलेल्या ठिकाणी एक-दोन जातींचे चिवट किडे ढिगाने निघतात, बाकी काही नाही. म्हणजे संख्या भरपूर आली म्हणून खूश व्हायचं नाही, जातींची यादी मागायची. युरोपात २००० च्या पाणीविषयक कायद्यापासून खाडीमुखांचा दर्जा ठरवताना असे जीव, मासे, पाणवनस्पती बघावेच लागतात. आपल्याकडचा रोजचा रिपोर्ट अजून मुख्यतः पाण्याभोवतीच फिरतो. तपासणी झालीच नसेल तर 'माहिती उपलब्ध नाही' असं लेखी येईल, ते उत्तर जपून ठेवा, सुनावणीत तेही पुरावा म्हणून कामी येतं.

आणि हो, 'फ्लेमिंगो वाढले म्हणजे खाडी सुधारली' हे कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. फ्लेमिंगो शेवाळ खातात आणि शेवाळाला सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मानवतं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, चांगलंच झालं, पण त्याने नाल्याचं पाणी साफ होत नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. कागदी प्रतींचे पानामागे २ रुपये मागतील, ते भरा. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, जोडपत्र 'ब', स्टॅम्प २० रुपयांचा. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पुन्हा २० रुपये. तिथे तारीख लागायला वेळ जातो, हे आधीच धरून चाला. अधिकाऱ्याला दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो, पण होतो क्वचित.

कॉलेजची मुलं स्वतःच सॅम्पल घ्यायचं म्हणत असतील तर अभयारण्याच्या हद्दीत परस्पर बाटल्या घेऊन उतरू नका. वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, कॉलेजच्या लेटरहेडवर विषय, जागा, तारखा आणि गाइडचं नाव टाकून अर्ज करा, आणि तो कांदळवन कक्षाला आधी दाखवून घ्या.