मोत्याची साखर 58

मे महिन्यातली गोष्ट. राळेगाव तालुक्यातला एक शेतकरी आपल्या मोत्या नावाच्या कुत्र्याला आमच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन आला. "दोन दिस झाले, भाकर खात नाही जी," एवढीच तक्रार. पुढच्या पायावरचे केस कापले, रबर बांधलं, शीर फुगली, तीन मिली रक्त घेतलं आणि नळी एसटीने यवतमाळला पाठवली. संध्याकाळी रिपोर्ट आला : साखर 58. कुत्र्याची साखर साधारण शंभर मिली रक्तात 70 ते 120 मिलिग्रॅम असते. पण मोत्या तर समोर शेपूट हलवत उभा!

चूक माझी होती. रक्त अंगाबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर वापरत राहतात. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी, वेगळं केलं नाही तर तासागणिक साखर पाच ते दहा टक्क्यांनी उतरते, आणि आपल्याकडच्या 45 अंशांत आणखी भराभर. दुसऱ्या दिवशी रक्त गोठताच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, वरचं पिवळसर सीरम काढून बर्फात ठेवून पाठवलं. साखर 94. मोत्याच्या दाढेत हाडाचा तुकडा अडकला होता, तो काढला नि मोत्या जेवला.

तेव्हापासून रिपोर्टच्या उजव्या रकान्यातल्या 'नॉर्मल' आकड्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. हे आकडे ठरवायची रीत अशी : निरोगी कुत्री निवडायची, शक्यतो किमान 120. सगळ्यांचं रक्त उपाशीपोटी, एकाच पद्धतीने घ्यायचं, एकाच यंत्रावर तपासायचं. आलेले आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे. उरलेला मधला 95 टक्क्यांचा पट्टा म्हणजे नॉर्मल. म्हणजे शंभरातली पाच निरोगी कुत्री मुळातच पट्ट्याबाहेर पडणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या एकदम केल्या, तर ठणठणीत कुत्र्याचाही एखादा तरी आकडा 'चुकीचा' येण्याची शक्यता 64 टक्के होते. रिपोर्टवर एक लाल खूण दिसली की लगेच औषध लिहू नये, ते याचसाठी.

औषधांच्या चाचण्या होतात त्या प्रयोगशाळांमध्ये बहुधा बीगल जातीची कुत्री असतात. सारख्या वयाची, सारख्या खाण्यावर वाढलेली, जंत-गोचीड नसलेली. तिथे एवढी काटेकोर शिस्त हवीच. औषध दिल्यावर एएलटी, म्हणजे यकृताच्या पेशींतलं एक एन्झाइम, रक्तात वाढलं तर यकृताला इजा झाली म्हणायचं, पण आधी किती होतं हे ठाऊक असेल तरच. म्हणून औषध सुरू करण्याआधी त्याच कुत्र्याचं रक्त तपासून ठेवतात. प्रत्येक कुत्रं स्वतःचीच मोजपट्टी ठरतं, आणि मला हीच सगळ्यांत भरवशाची वाटते.

पण बीगलचा पट्टा आपल्या गावठी कुत्र्याला जसाच्या तसा कसा लावायचा? तो भाकर-वरणावर जगतो, वावरात राखण करतो, गोचिडांशी आणि जंतांशी त्याची रोजची झुंज चालू असते. अशा कुत्र्याच्या रक्तात संरक्षक प्रथिनं, म्हणजे ग्लोब्युलिन, जास्त सापडतात. ग्रेहाउंडचं उदाहरण बोलकं आहे. त्याच्या अंगात स्नायू भरपूर, त्यामुळे क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, मुळातच चढं. इतर कुत्र्यांचा पट्टा लावला तर मूत्रपिंड बिघडल्याचा उगाच संशय येतो. पिल्लांचं अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे यकृतात आणि हाडांत असणारं एन्झाइम, मोठ्या कुत्र्यांच्या दुप्पट-तिप्पट असू शकतं, कारण हाडं वाढत असतात. तिथे यकृताच्या गोळ्या देऊन उपयोग काय?

म्हणून रेबीजच्या लसीकरणाला कुणी धडधाकट कुत्रं आणलं की मालकाला विचारून थोडं रक्त घेतो. वय, शेवटचं जेवण, गाभण आहे का, रक्त किती वाजता काढलं, सीरम किती वाजता वेगळं केलं, सगळं वहीत लिहितो. "बिमार नाही तं रक्त काहून घेता?" असं एका आजीने विचारलं. बिमार नाही म्हणूनच घेतो, असं सांगितल्यावर तिने स्वतः कुत्र्याचं तोंड धरून दिलं.

वहीत सध्या 43 नावं आहेत. मोत्याचं अजून नाही. त्याची दाढ पुरती भरून आल्यावर घेईन.