जुन्या डीबीएफमधलं मराठी: इस्की की फॉन्ट?

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या एखाद्या पतसंस्थेची फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधली सभासद-यादी (डीबीएफ फाइल) आज उघडली, की नावाच्या रकान्यात टोप्या-टिंबं लावलेली परकी अक्षरं दिसतात. लगेच 'डेटा करप्ट झाला' असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा तो धडधाकट असतो. फक्त तो इस्कीत भरलाय की फॉन्टात, हे आधी ठरवावं लागतं. पडद्यावर दोन्हींचा गोंधळ सारखाच दिसतो, पण आतली रचना अगदी वेगळी असते.

इस्की म्हणजे भारतीय लिप्या संगणकात साठवायचं भारतीय मानक ब्यूरोचं १९९१चं मानक, आयएस १३१९४. यात कोड, म्हणजे साठवायचा आकडा, अक्षराला असतो, आकृतीला नाही. क म्हणजे १७९, मग तो देवनागरी असो वा कन्नड. मात्रा व्यंजनानंतर येते, जोडाक्षर हलन्त घालून होतं. 'शिंदे' हे नाव असं साठतं: श २१३, ि २१९, अनुस्वार १६२, द १९६, े २२५. पाच बाइट, एका कोडाला एक. इंग्रजी अक्षरं १२८च्या खाली जशीच्या तशी राहतात. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायचं भारतीय लिप्यांचं कार्ड) विंडोजआधीच्या डॉसमध्ये मराठी दिसायचं ते याच पद्धतीने. अक्षर जोडून दाखवायचं काम कार्डाचं, फाइलीत फक्त कोड.

फॉन्टातल्या मराठीत कोड आकृतीला असतो. विंडोजवर श्रीलिपी, आकृती किंवा कन्नडसाठी नुडी वापरून भरलेल्या जुन्या याद्या या प्रकारच्या. टंकलेखन यंत्रासारखंच हे: पहिली वेलांटी आधी बसते, मग श. रफार अक्षराच्या नंतर. अर्धा श वेगळा आणि उभा दंड वेगळा, असंही असतं. कुठल्या आकड्यावर कुठली आकृती, हा तक्ता फॉन्टागणिक बदलतो. फॉन्टचं नाव हरवलं की किल्ली हरवली.

ओळखायची सोपी कसोटी म्हणजे शिंदे आणि शेळके. यादीची प्रत काढा (मूळ फाइलीला हात लावू नका) आणि प्रत हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे आकड्यांत दाखवणारं साधन) उघडा. कागदी रजिस्टरवरून या दोघांचे सभासद क्रमांक शोधा आणि नावांचा पहिला बाइट बघा. दोन्हीकडे तोच आकडा असेल तर इस्की. शिंदेंचा पहिला बाइट शेळकेंशी न जुळता विठ्ठलशी जुळला, तर फॉन्ट, कारण तिथे सुरुवात वेलांटीने झालीय. या भागात पाटील नाहीत अशी यादी मिळणं कठीण, म्हणून २००, २१८, १८९, २२०, २०९ ही माळही (आकडे दशमान आहेत, हेक्समध्ये बदलून घ्या) शोधून बघा. सापडली तर प्रश्नच मिटला. मात्र नाही सापडली म्हणून इस्की नाही असं समजू नका. डॉसच्या चौकटींच्या रेघा याच आकड्यांत बसतात, म्हणून पीसीसाठी कोड सरकवलेला प्रकारही आहे. शिंदे-शेळके कसोटी त्यालाही लागू पडते.

हेक्स एडिटरच का? डीबीएफच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत, शून्यापासून मोजून २९वा बाइट कोडपेजचा (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हा तक्ता) असतो. तो बघून व्हिज्युअल फॉक्सप्रो किंवा एक्सेल 'मदत' करायला जातात, डॉसचं कोडपेज ४३७ समजून विंडोजच्या १२५२मध्ये बदलतात आणि १२८च्या वरचा प्रत्येक आकडा फिरतो. तशी फाइल सेव्ह झाली की खरोखरच करप्ट. त्यात कोणी नावांवर अप्पर फंक्शन चालवलं असेल तर आणखी वाईट, कारण ते काही वरच्या आकड्यांना लॅटिन अक्षरं समजून मोठं करतं. अशा नावांतली अक्षरं एकमेकांत मिसळतात, मग ती कागदावरूनच परत भरावी लागतात.

अकारविल्हे यादीतही फरक कळतो. इस्कीवर इंडेक्स जवळपास बरोबर लागतो. फक्त ळ हा ल नंतर येतो आणि क्ष हा क च्या घरात जातो. फॉन्टात किरण, विठ्ठल, शिंदे एका ठिकाणी गोळा होतात. शिवाय अनुस्वार आधी टाकला की मात्रा, याने दिसण्यात फरक पडत नाही, पण बाइट बदलतात. एकच सभासद दोनदा चढलेला असतो तो यामुळे.

युनिकोड या आजच्या सर्व लिप्यांच्या मानकात नेताना इस्कीला एकच तक्ता पुरतो. विंडोजमध्ये ५७००२ हे देवनागरी इस्कीचं कोडपेज, ५७००८ कन्नडचं. तेच बाइट दुसऱ्या कोडपेजने वाचले की नाव कन्नडात! सीमाभागात, जिथे एकच यादी दोन्ही लिप्यांत लागते, तिथे ही सोय फार मोलाची. पण डोळे मिटून छापू नका. कन्नडात ए ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन. मराठीतल्या 'बेळगाव'मधला २२५ तिकडे दीर्घ होतो, कन्नड माणूस मात्र ऱ्हस्व, म्हणजे २२४, लिहितो. 'डॉक्टर'मधल्या ॉ ला कन्नड लिपीत चिन्हच नाही. 'राव'मधला व हलन्ताशिवाय राहिला तर तिकडे पूर्ण उच्चारला जातो. असे शब्द वेगळे काढून हातानेच तपासावेत.

फॉन्टाचं रूपांतर तीन टप्प्यांत करा: त्याच फॉन्टच्या तक्त्याने आकृती बदला, मग अर्धं अक्षर आणि दंड जोडा, शेवटी वेलांटी अक्षरानंतर आणि रफार अक्षराआधी सरकवा. वेलांटी नुसत्या पुढच्या अक्षरानंतर नव्हे, तर अख्ख्या जोडाक्षरानंतर जायला हवी. 'स्थिती'वर चाचणी घेतली की चूक लगेच पकडता येते.

आणि रकान्याची रुंदी. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइटचा, म्हणजे शिंदे पाचाचे पंधरा होतात. ३० बाइटचा रकाना ओरॅकल डेटाबेसच्या नव्या टेबलात तसाच ठेवला, तर लांब नावांवर ओआरए-१२८९९ ही 'रकान्यात मावत नाही' अशी एरर येते. तिथे रुंदी बाइटऐवजी कॅरॅक्टरमध्ये द्या.