पैसे गेले, तिकीट नाही: उलट नोंदीचं गणित

ऑनलाइन बसचं तिकीट काढताना खात्यातून ८४० रुपये गेले आणि स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहिलं. त्या क्षणी आत चार यंत्रणा कामाला लागलेल्या असतात: सीट राखणारी, पैसे घेणारी, तिकीट तयार करणारी आणि एसएमएस पाठवणारी. प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा, बहुतेकदा मालकही वेगळा.

एकाच डेटाबेसमधला व्यवहार एकतर पुरता होतो, नाहीतर झालाच नाही असा मागे घेतला जातो. अनेक डेटाबेससाठी १९७० च्या दशकापासून ‘टू-फेज कमिट’ आहे. समन्वयक आधी सगळ्यांना ‘तयार आहात का?’ विचारतो, सगळ्यांचा होकार आला की ‘करा’ सांगतो. अडचण मधल्या वेळेची. होकार दिलेल्या प्रत्येकाला आपल्या नोंदी कुलूपबंद ठेवाव्या लागतात आणि समन्वयकच बंद पडला तर कुलपं तशीच राहतात. तिकीटवाल्यासाठी कोणती बँक आपली खाती अशी अडवून ठेवेल?

१९८७ साली संगणकशास्त्रज्ञ हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ मांडली. लांबलचक व्यवहाराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा आपापला पक्का करायचा आणि त्याला रद्द करणारी एक जोडक्रिया आधीच ठरवून ठेवायची. पुढचा तुकडा फसला की जोडक्रिया उलट्या क्रमाने चालवायच्या. आपल्या खातेवहीत चुकलेली नोंद खोडत नाहीत, उलट नोंद टाकतात, तसंच हे. म्हणून पासबुकात ८४० नावे आणि ८४० जमा अशा दोन ओळी दिसतात. मधल्या काळात मात्र ती सीट ‘भरलेली’ दिसून कुणी दुसरा परत गेलेला असतो. ही किंमत सागात मोजावीच लागते.

सगळ्याच पायऱ्या उलटवता येत नाहीत. गेलेला एसएमएस परत येत नाही. म्हणून क्रम असा लावतात: सहज सोडता येणारं आधी (सीट १० मिनिटं राखणं), मग पैसे, मग सीट पक्की करणं, आणि पुन्हापुन्हा करून शेवटी जमतंच असं काम (एसएमएस) सगळ्यात मागे.

खरी डोकेदुखी उत्तरच न येण्याची. पैशांची मागणी पाठवली, ३० सेकंद शांतता. मागणी पोचलीच नाही, की पैसे कापून उत्तर वाटेत हरवलं? इकडून दोन्ही सारखंच दिसतं. पुन्हा पाठवावं तर दोनदा कापले जाण्याची भीती. उपाय म्हणजे मागणीसोबत एक क्रमांक द्यायचा; तोच पुन्हा आला तर समोरच्याने नवं काम न करता जुनं उत्तर द्यायचं. हा क्रमांक पहिल्या प्रयत्नाआधी बनवून डेटाबेसमध्ये लिहून ठेवावा लागतो. दर प्रयत्नाला नवा बनवला की सगळं मुसळ केरात, आणि ही चूक भलेभले करतात.

त्याहून चकवणारा प्रकार: ‘रद्द करा’ आधी पोचतं, रेंगाळलेली मागणी नंतर. रद्द करणाऱ्याला रद्द करायला काहीच सापडत नाही, तो ‘ठीक’ म्हणून मोकळा होतो आणि मागाहून पैसे कापले जातात. म्हणून काही सापडलं नाही तरी त्या क्रमांकावर ‘आता आल्यास नाकारा’ अशी खूण ठेवायची.

यातूनही जे निसटतं ते दोन्हीकडच्या नोंदींचा ताळमेळ घेताना पकडतात. भारतात त्याला मुदत आहे: यूपीआयने पैसे गेले पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, पुढे रोज १०० रुपये भरपाई.