सेरेनेडमध्ये गायक असतोच का?

‘सेरेनेड म्हणजे प्रेयसीच्या खिडकीखाली गिटारवर गायलेलं प्रेमगीत,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. अगदीच निराधार नाही. ऑपेरात तशी गाणी आहेत. पण अठराव्या शतकातल्या व्हिएन्नात सेरेनेड ही बहुतेकदा निव्वळ वाद्यांची, अनेक भागांची रचना असे, पुष्कळदा मोजक्याच वादकांसाठी. ३१ ऑक्टोबर १७८१ला, रात्री अकरा वाजता, संगीतकार मोत्सार्टच्या घराच्या अंगणात सहा वादक उभे राहिले: दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बॅसून, सगळी फुंकून वाजवायची वाद्यं. तो झोपायच्या तयारीत, आणि खाली त्याचीच सेरेनेड सुरू! खिडकी होती, प्रेयसी नव्हती.

पडताळायचं तर स्वरलिपीचं पहिलं पान उघडा; डावीकडे वाद्यांची नावं असतात. संगीतकार बीथोवनच्या ओपस २५ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) या सेरेनेडमध्ये फक्त बासरी, व्हायोलिन आणि व्हियोला. त्याचीच सेरेनेड ओपस ८ ऐका: सुरुवातीचा मार्च, म्हणजे चालण्याच्या ठेक्यातली धून, शेवटी पुन्हा येतो, कारण वादक येता-जाताना मार्च वाजवत.